बोटाने वाचलेलं नाव

धरणगाव
२८ जानेवारी २०२४

अभिमन, भाऊ,

अक्काचा आशीर्वाद घे आणि आधी प्रमिलाला शेजारी बसव. दोघांनी मिळून वाचा. एकट्याने वाचलंस तर उगाच घाबरशील.

अक्षर माझंच आहे, ओळखलंस ना? जरा तिरकं गेलं असेल, कारण उजवीकडचं मला दिसत नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. हे मी लिहितेय, आणि मी काय लिहिलं ते मला वाचता येत नाही. थट्टा नाही रे. आत्ताच मागची ओळ पाहिली, नुसती मुंग्यांची रांग.

किंक्रांतीच्या सकाळी चहा घेऊन पेपर उघडला. वाटलं, आज चुकून कुठला परमुलखातला पेपर टाकला की काय! एक अक्षर ओळखीचं नाही. उठले तर दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. कॅलेंडर पाहिलं, आकडे कळतात, वार कळत नाहीत. मग पिठाच्या डब्याकडे पाहिलं. त्यावर मीच रंगाने माझं नाव घातलंय, तुला माहीत आहे. ते नाव परक्याचं वाटलं. तेव्हा मात्र मी ओरडून पोराला उठवलं.

भूषणने जळगावला नेलं. फोटो काढले, सुया टोचल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीसारख्या, पण समजावून सांगतात चांगलं. डोक्याच्या मागच्या बाजूला एका बारीक नळीत रक्त अडलं म्हणे. डोळा ठणठणीत आहे, शब्दांचं घरही ठणठणीत आहे, त्या दोघांमधली वाट खचली. हाताची वाट वेगळी, ती शाबूत राहिली. म्हणजे मी टपाल टाकू शकते, आलेलं टपाल घेऊ शकत नाही. आता तुझी पत्रं पुनम मला वाचून दाखवेल. सून गुणी आहे, पण जरा जपून लिही. पोरीसमोर माझी लहानपणची भांडणं काढू नकोस.

बी.पी. फार वाढू द्यायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी भूषणला बजावलंय. तेव्हापासून हा पोरगा घरात दबकत चालतो.

प्रमिलाला विचार, कळण्याच्या भाकरीच्या पिठात ती उडीद किती घालते. इथे कोणाला जमत नाही.

तुझी
अक्का


धुळे, देवपूर
६ फेब्रुवारी २०२४

अक्का,

पाया पडतो. तोंडाने म्हणायला गेलो असतो तर 'पा'वरच गाडी थांबली असती. कागदावर मी कधी अडखळत नाही, म्हणून पुन्हा लिहितो, पाया पडतो.

तुझं पत्र प्रमिलाने आणि मी शेजारी बसूनच वाचलं. ती रडली. भूषणचा फोन आला होता तेव्हाही फोन मीच उचलला होता, पण ओठ मिटले ते उघडलेच नाहीत. तो बिचारा हॅलो, हॅलो करत राहिला. शेवटी हिने फोन घेतला.

पुनम वाचणार म्हटल्यावर पेन जड झालं खरं. तुझं लग्न होऊन तू धरणगावला गेलीस तेव्हापासून मी जे काही बोललो ते तुझ्याशी या कागदावरच बोललो. सूनबाई, तू हे वाचत असशील तर तुझ्यावर राग नाही हो. म्हाताऱ्याची सवय आहे.

अक्का, तुझंच वाचणं जावं? तू होतीस म्हणून मी वाचायला शिकलो. मास्तर उभं करायचे आणि अख्खा वर्ग हसायचा. घरी आल्यावर तू माझ्या पुस्तकात बोट ठेवून माझ्याबरोबर मोठ्याने वाचायचीस, तेव्हा मी घडाघडा वाचायचो. तुझा आवाज थांबला की दोन शब्द पुढे जाऊन मीही थांबायचो. माझ्या लग्नात मांडवात नाव घ्यायची वेळ आली तेव्हाचं आठवतं? 'तापीच्या काठी केळीचं बन' इथवर आलो आणि पुढे प्रमिलाचा 'प्र'. ओठ मिटले. बायका खुसुखुसू हसायला लागल्या. तू मागून हळूच म्हणालीस, "तू म्हन भाऊ, मी शे ना." तू आहेस म्हटल्यावर दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, 'प्रमिलाचं नाव घेतो, ऐका सारे जण.' त्यानंतर हे नाव मला कधी नीट घेता आलं नाही. 'अगं'वर संसार निभावला.

तिची एक गोष्ट तुला कधी लिहिली नाही. कंडक्टर असो, भाजीवाला असो, सगळे माझा अडलेला शब्द मला पुरा करून देतात, आणि हमखास चुकीचा देतात. मी अंजीर मागायला गेलो की आवळे घेऊन येतो. ही एकटी थांबते. तोंडाकडे बघत नाही, घाई करत नाही, लसूण सोलता सोलता थांबते. मग शब्द येतो.

बाकी ठीक. दुपारी रतिलालशेठच्या छापखान्यात जाऊन बसतो. आता सगळं कॉम्प्युटरवर, माझ्या खिळेजुळणीला कोण विचारतं? एक जुनं ट्रेडल छपाईयंत्र कोपऱ्यात आहे, त्याला तेल घालतो.

प्रमिला म्हणते, "अक्काले सांगा, उन्हायामा मी येसू, बठ्ठं वाचीसन दखाडसू." उन्हाळ्यात येऊन सगळं वाचून दाखवायचं तिने ठरवूनच टाकलंय. आणि उडीद मूठभर, जास्त नाही.

अभिमन


धरणगाव
२ मार्च २०२४

अभिमन,

पुनमने तुझं पत्र वाचलं. 'अंजीर-आवळे' आलं तेव्हा ती हसून हसून थांबली. मलाही हसू आलं आणि मग रडू आलं, सुनेसमोर डोळ्यांना पदर लावावा लागला.

आता माझं ऐक. डॉक्टरीणबाईंनी मला एक युक्ती शिकवलीय. म्हणाल्या, "डोळ्याला कळत नाही ना? मग बोटाला विचारा." मोठ्या अक्षरावरून बोट फिरवायचं, लिहिताना फिरवतो तसंच. हाताला ते अक्षर आठवतं, हात आत जाऊन सांगतो आणि मग तोंडात येतं. मी पिठाच्या डब्यावर बसले बोट फिरवत. य आला. शो आला. मग दा. माझंच नाव, पण अभिमन, मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता! एका ओळीला अर्धा तास लागतो. बारीक अक्षराला तर जमतच नाही, बोट जाडं पडतं.

तुझंही विचारून घेतलं त्यांना. म्हटलं, माझा भाऊ तोतरा आहे, पण माझ्याबरोबर वाचताना नाही, हे काय गौडबंगाल? त्या म्हणाल्या, जिभेचा काही दोष नाही. पुढच्या आवाजाची तयारी मेंदू आधीच करून ठेवतो, काहींच्या मेंदूत त्या तयारीची वेळ चुकते. शेजारी दुसरा आवाज चालत असला की वेळ बाहेरून मिळते. मास्तरला हे ठाऊक असतं तर तुझे कान वाचले असते.

पुनम छान वाचते, पण मी तिला शिकवते आहे. नवी नवरी होऊन आले तेव्हापासून गल्लीतल्या बायकांची पत्रं मीच वाचून द्यायचे. सगळ्यांचे नवरे सुरतेला. वाचताना डोळा तोंडाच्या पुढे पळतो, तोंड इथे आणि डोळा पुढच्या ओळीत. म्हणून वाईट काही येणार असेल तर वाचणाऱ्याचा आवाज ते यायच्या आधीच अडतो, आल्यावर नाही. त्यातली भागीबाई माझ्या तोंडाकडे न बघता ओळखायची. आणि कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वाचायचीही गरज नसायची. मयताची खबर, ते घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर उभ्याने वाचायचं आणि फाडून टाकायचं. आजकालच्या पोरींना हे माहीतही नाही.

प्रमिलाची वाट पाहते. तिला म्हणावं, एकटी आलीस तरी चालेल, भावाला घरीच ठेव.

अक्का


धुळे
१८ एप्रिल २०२४

चि. पुनम,

पाकिटात दोन कागद आहेत. हा तुझ्यासाठी. हा अक्काला वाचून दाखवू नकोस.

तुझी मामी गेली त्याला आता पंधरवडा झाला. तुम्ही दोघं दहाव्याला आलात, सगळं केलंत, भूषण माझ्यामागे उभा राहिला, हे मी विसरणार नाही. सकाळी चहा ठेवला, 'छातीत कसंतरी होतंय' म्हणाली आणि ओट्याला धरून खाली बसली. दवाखान्यापर्यंतही गेलो नाही आम्ही. शेजाऱ्यांच्या दारात मी उभा होतो आणि माझ्या तोंडातून काही निघत नव्हतं. त्यांनाच कळलं माझ्याकडे बघून.

भूषणने त्या दिवशी नदीकाठी माझा हात धरून सांगितलं, "मामा, आईला कळू देऊ नका, तिचं बी.पी. अजून खाली आलेलं नाही." मी मान हलवली. अक्काही गेली तर मी काय करू? तेव्हा दुसऱ्या कागदावर मी जे लिहिलंय ते खोटं आहे आणि ते तिला वाचून दाखव. तुझ्या अंगावर हे ओझं टाकतोय, त्याबद्दल मला माफ कर पोरी. माझं खोटं निदान कागदावरचं आहे. तुला ते तिच्यासमोर बसून तोंडाने म्हणायचं आहे.

मामा


(त्याच पाकिटातला दुसरा कागद)

अक्का,

पाया पडतो. उशीर झाला, इकडे ऊन फार आहे. आमचं बठ्ठं बरं शे. प्रमिलाच्या गुडघ्यांनी उचल खाल्लीय, त्यामुळे उन्हाळ्यात यायचं जमेल असं दिसत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. ती तुझी आठवण काढते.

ट्रेडलला नवा पट्टा बसवला. गोळ्या वेळेवर घे.

अभिमन


धरणगाव
५ मे २०२४

अभिमन,

हे काय पत्र की तार? एवढ्याशा मजकुराला पुनम दोनदा पाणी प्याली. माझ्या पत्राला तू निदान चार पानं लिहितोस. भांडला आहेस का बायकोशी?

आखाजी आली, अक्षय्य तृतीयेला पाचच दिवस राहिले. या वर्षी पहिल्यांदाच मी माहेरी येणार नाही. भूषण एस.टी.त बसू देत नाही, आणि गाडी करून ये म्हटलं तरी डोळे वटारतो. आंबे, झोके, प्रमिलाच्या हातचा रस, सगळं इथून आठवत बसणार. आई-बापाच्या नावाच्या घागरी नीट भर. एक तिची, एक त्यांची. आपल्या घरात एकत्र भरत नाहीत, एवढं लक्षात ठेव. मी सोबत नसले म्हणून आळस करू नकोस.

भूषणबरोबर प्रमिलासाठी सांडगे आणि कुरडया पाठवते आहे. गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांधायला सांग. आणि तिला म्हणावं, तुझ्या नवऱ्याच्या पत्रात खाली दोन ओळी तूही खरड ना. अक्षर वाकडं असलं तरी चालेल. मला कुठे दिसतंय?

अक्का


धुळे
१४ मे २०२४

अक्का,

सांडगे मिळाले. कुरडयाही.

आखाजी झाली. सकाळी उठून तिन्ही घागरी भरल्या, वर खरबूज ठेवलं, पाणी दिलं. तू नव्हतीस म्हणून घर फार मोठं वाटलं. पुरणपोळी शेजारून आली.

मी बरा आहे.

अभिमन


धरणगाव
२५ मे २०२४

अभिमन,

हे पत्र मी स्वतः लिहून, स्वतः गोंद लावून, स्वतः भिंतीला धरत चौकापर्यंत जाऊन पेटीत टाकते आहे. पुनमला माहीत नाही.

परवा तिने तुझं पत्र वाचलं. 'सकाळी उठून' म्हणाली आणि तिथे तिचा आवाज अडला. मग म्हणाली, 'दोन्ही घागरी भरल्या'. हे 'दोन्ही' तिने फार नीट म्हटलं. कोणी वाचताना एवढं नीट म्हणत नाही. मी गल्लीला वीस वर्षं पत्रं वाचली आहेत, मला कोण शिकवणार? माझा डोळा गेलाय, कान नाही गेले.

ती धुणं घालायला गेली तेव्हा मी तो कागद काढला. आकडे मला अजून कळतात, पण तू आकडा लिहिला नव्हतास. मग तिने वाचलेले शब्द मोजत त्या शब्दापाशी आले आणि बसले त्यावर बोट फिरवत. बारीक आहे तुझं अक्षर मेलं. किती वेळ गेला कोण जाणे. ती येऊन गेली, मी कागद मांडीखाली घातला, ती गेल्यावर पुन्हा काढला. शेवटी 'दो' नाही एवढं हाताला कळलं. 'ति' होतं.

आपल्या घरात घागरी दोन. तिसरी कोणाची, अभिमन?

पुनमला मी काही विचारलेलं नाही. ती पोर खोटं बोलेल आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडेल, आताशा ती रोज रडते. भूषणला विचारत नाही, तो माझ्या दंडाला बी.पी.चं यंत्र गुंडाळेल; प्रमिलाला फोन लाव म्हटलं तर म्हणतो, तिकडचा फोन बिघडलाय. गल्लीतल्या बायका मला बघून विषय बदलतात. मी वेडी नाही रे. एप्रिलपासून तुझ्या पत्रात प्रमिला काही म्हणतच नाही. 'आठवण काढते' एवढंच. ती बाई कधी नुसती आठवण काढून थांबली आहे का? तिच्या निरोपाशिवाय, तिच्या टोमण्याशिवाय तुझं एक पत्र आलेलं मला आठवत नाही.

मी तोंडाने ते नाव काढत नाही. तू सांगितल्याशिवाय मी ते खरं धरणार नाही. पण सांगशील तर तू सांग, दुसऱ्याच्या तोंडून नको. मोठ्या अक्षरात लिही, माझ्या बोटाला लागेल असं. धक्क्याने मी मरेन असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. आणि रोज असं कान लावून बसण्याने काय होतंय माझं, ते कोणी मोजलंय?

या महिन्याभरात तुझं काही आलं नाही तर मी एस.टी.त बसेन. उजवीकडचं दिसत नाही, डावीकडचं बघत बघत येईन.

अक्का


धुळे
१२ जून २०२४

चि. पुनम, चि. भूषण,

अक्काचं पत्र आलं. तिला जवळजवळ कळलं आहे. तिसरी घागर मला लिहायची नव्हती. हात खरं लिहून गेला. पुनम, तू ते सावरायला गेलीस, त्यात तुझी काही चूक नाही.

भूषण, तुला दिलेला शब्द मी मोडतो आहे. दहा-पंधरा दिवस विचार केला. जळगावच्या डॉक्टरीणबाईंना तू फोन करून सगळं सांग आणि त्या म्हणतील तशा गोळ्या घरात आणून ठेव. तू कापसाच्या जिनिंगमधून दोन दिवस सुट्टी काढ. मग हे सोबतचं कार्ड तिच्या हातात द्या. तुम्हाला ते कोरं दिसेल. तुम्ही वाचू नका. तिला वेळ लागेल, तिच्यासाठी शब्द पुरा करू नका. नुसते जवळ बसा.

मामा


(सोबत जाड पांढरं कार्ड. शाई नाही. लाकडी ठशांनी खोल दाबून उठवलेली दोन ओळींची मोठी अक्षरं. उजव्या हाताचा वरचा कोपरा फाडलेला.)

प्रमिला
गेली


धरणगाव
२० जून २०२४

अभिमन,

कार्ड हातात घेतल्यावर आधी कोपरा लागला. पुनम म्हणाली, "आई, टपालात फाटलं असेल." उठले आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले. भूषण खुर्ची घेऊन मागे धावला. त्याला म्हटलं, हे उभ्यानेच वाचायचं असतं.

मग बोट खोबणीत घातलं. तू अक्षर चांगलं खोल उठवलंस रे. प आला, पायातला र आला, तेव्हाच मला थांबता आलं असतं. पण तुझ्या अक्काने आजवर कोणाचं पत्र अर्ध्यात सोडलेलं नाही. 'मि' झाला, 'ला' झाला. तोंडाने मी मोठ्याने म्हटलं, प्रमिला. मग खालची ओळ. तीही मोठ्याने वाचली.

मी मेले नाही बघ. खूप रडले. पुनम माझ्याहून जास्त रडली, तिला मीच पोटाशी घेतलं. इतके दिवस ही पोर तोंडाने एक वाचत होती आणि डोळ्याने दुसरं गिळत होती. मी तिला रागावले नाही. भूषणला मात्र दोन शब्द सुनावले, ते त्याला पुरतील. कार्ड फाडून टाकायची रीत आहे. माझ्याने फाडवलं नाही.

तुझ्यावर मी फार रागावले आहे. अडीच महिने तू एकटा होतास. ज्याला कागदाशिवाय तोंड नाही त्याने कागदावरही खोटं बोलायचं? गुडघे म्हणे! मी निरगुडीचा पाला लिहीत होते आणि तू तो वाचत होतास. काय झालं असेल तुझं, अभिमन, ते माझ्या मनातून जात नाही.

आता एकच विचारते. दहाव्याला पाणी देताना नाव घ्यावं लागतं. कोणी घेतलं?

तू उत्तर लिहू नकोस. मी येते. डॉक्टरीणबाईंनी गाडीने जायला परवानगी दिलीय. भूषण, पुनम आणि मी, तिघं येतोय. दुखवटा सोडवताना घालतात ती टोपी मी आणते.

अक्का


धुळे
१४ जुलै २०२४

अक्का,

पाया पडतो.

पुनम, हे पत्र जसंच्या तसं वाच. आता काही सावरायचं नाही.

तू होतीस तोवर घरात आवाज होता. तू ओट्यावर डबे हाताने चाचपडून प्रमिलाचं सगळं सामान जागच्या जागी आहे का बघितलंस, आणि हळदीच्या डब्यात मीठ सापडल्यावर मला शिव्या दिल्यास, ते मला फार बरं वाटलं.

दहाव्याचं तुला तोंडावर सांगता आलं नाही. तू विचारलंस, मी प्रयत्न केला, तू थांबलीस, पण आलं नाही. ते इथे लिहितो. पांझरेच्या काठी बसलो होतो. गुरुजी म्हणाले, ओंजळीत पाणी घ्या आणि ज्यांना द्यायचं त्यांचं नाव घ्या. मी पाणी घेतलं. ओठ मिटले. सगळा गोतावळा उभा होता. मी मनातल्या मनात किती जोर लावला, ते मलाच माहीत. गुरुजी म्हणाले, "घ्या, घ्या." पाणी बोटांतून गळत होतं. ओंजळ रिकामी झाली तेव्हा मागून भूषण म्हणाला, "प्रमिलाबाई." गुरुजी पुढे गेले. भूषणने माझी लाज राखली, त्याच्यावर माझा रोष नाही. पण अक्का, लग्नात जे नाव सगळ्यांसमोर घेतलं ते शेवटी घेता आलं नाही. माझ्या बायकोला माझ्या हातून पाणी मिळालं नाही, असंच मला वाटत राहिलं. त्यामुळे मला जेवण जात नव्हतं. घागर भरली तेव्हाही ती मुक्यानेच भरली.

परवा तू सकाळी चप्पल घातलीस आणि म्हणालीस, "नदीवर चल." मला वाटलं, तुला नदी बघायची असेल. भूषणने तुला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. तू माझ्याच ओंजळीत पाणी घ्यायला लावलंस. मग मी ओठ मिटून बसलो, आणि तू डावीकडे सरकून माझ्या कानाशी म्हणालीस, "तू म्हन भाऊ, मी शे ना."

मला वाटलं होतं, तू नुसतं नाव म्हणशील. तू 'तापीच्या काठी'पासून सुरुवात केलीस. नदीवर! धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. मला आधी लाज वाटली, आणि मग तुझा आवाज पुढे निघाला म्हणून माझाही निघाला. केळीचं बन झालं. प्रमिलाचं नाव झालं. सगळं, शेवटपर्यंत. 'ऐका सारे जण' म्हणताना तुझा आवाज फुटला, माझा नाही फुटला. पाणी ओंजळीत होतं तेवढं सगळं नदीत गेलं.

त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या, तू पाहिल्यास.

काल तुम्ही गेल्यावर संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसलो. भाजीला लसूण हवा होता. सोलता सोलता म्हटलं, एकट्याने म्हणून बघू. ओठ मिटले, आणि तसेच राहिले. 'प्र'च्या आधी जे असतं तिथेच मी बसून राहिलो. नेहमी तिथे माझा जीव घाबरा होतो, घाम फुटतो, आता कोणीतरी माझा शब्द पुरा करील असं वाटतं.

काल तसं झालं नाही. घरात कोणी नव्हतं आणि कोणालाही घाई नव्हती. मी मिटल्या ओठांनी लसूण सोलत राहिलो. तीही अशीच थांबायची.

अभिमन